लूपमध्ये गाडी शिरते, पण बाहेर येताना शॉर्ट का होतो?

मॉडेल रेल्वेवर लूप, म्हणजे गाडीला वळसा घालून त्याच रुळावर उलट दिशेने परत आणणारा फुगा, असला की या त्रासाची लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. सरळ रुळावर गाडी मजेत पळते. लूपमध्येही शिरते. मग अर्ध्या वाटेत किंवा बाहेर पडायच्या तोंडाशी इंजिन एकदम थांबतं, कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि डीसीसी (रुळांतूनच इंजिनांना डिजिटल हुकूम देणारी पद्धत) असेल तर लेआउटच्या सगळ्या फळीवरचा आवाज-उजेड जातो. गाडी उचलून थोडी पुढे ठेवली की पुन्हा सगळं सुरळीत. मग रूळ स्पिरिटने पुसून होतात, चाकं घासून होतात, जोडांना नव्याने सोल्डर मारून होतो, आणि घरी कोणी बघायला आलं की नेमकं त्यांच्यासमोर तेच.

रूळ पुसणं चांगलंच, पण या दुखण्याचा मळाशी संबंध क्वचित असतो. मळामुळे इंजिन अडखळतं, दिवे लुकलुकतात. कंट्रोलर ट्रिप होत नाही, म्हणजे स्वतःहून वीज तोडत नाही. ट्रिप झाला म्हणजे कुठेतरी दोन उलट टोकं एकमेकांना भिडली. ती कुठे भिडणार हे बहुतेक वेळा रूळ अंथरायच्या आधी, कागदावरच ठरलेलं असतं. तेव्हा मल्टिमीटर नंतर. आधी लाल आणि निळी पेन्सिल घ्या.

लेआउटचा नकाशा मोठा काढा, पण रूळ एका रेघेने दाखवू नका. दोन रुळांच्या दोन रेघा काढा, एक लाल, एक निळी. मुख्य मार्गावरून सुरुवात करून दोन्ही रंग न उचलता पुढे नेत राहा. साधी लंबवर्तुळाकार वाट असेल तर लाल लालला आणि निळा निळ्याला येऊन मिळतो. लूपमध्ये मात्र गाडी वळसा घालून त्याच रुळावर उलट दिशेने परत येते, त्यामुळे पॉइंटपाशी, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतो तिथे, लाल रेघ निळीवर येऊन आदळते. हाच तुमचा शॉर्ट. तो तारांमधला दोष नाही. दोन रुळांतून वीज देण्याच्या पद्धतीत लूप म्हटला की तो आलाच. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन रुळी पद्धतीत दोन्ही बाहेरचे रूळ एकाच टोकाचे आणि मधल्या खुंट्यांमधून दुसरं टोक, म्हणून तिथे लूप कसाही काढा, काही बिघडत नाही. आपल्याकडे बहुतेकांकडे दोन रुळी एचओ (1:87 माप) किंवा त्याहून लहान एन (1:160) आहे, तेव्हा भोगणं आलं.

या रंगीत पेन्सिलींचा खरा उपयोग लपलेला लूप शोधायला होतो. गोल फिरणाऱ्या मार्गाच्या पोटातून तिरपी वाट काढली, की दिसायला ती नुसती पळवाट, पण प्रत्यक्षात तो लूप असतो. दुसरा प्रकार डंबेल आकाराचा: दोन्ही टोकांना फुगा आणि मधे शेजारी-शेजारी दोन रूळ. नुसता डंबेल निरुपद्रवी आहे, तो चेपलेला गोलच. पण मधल्या दोन रुळांमध्ये, स्टेशनात बरं दिसतं म्हणून, एक क्रॉसओव्हर, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडवाट, टाकलात की लूप तयार. 'माझ्या लेआउटवर लूपच नाही, तरी शॉर्ट होतो' असं म्हणणाऱ्यांकडे बहुधा हा क्रॉसओव्हर असतो, आणि तो लेआउट पूर्ण झाल्यावर, हौसेने, नंतर बसवलेला असतो.

लाल-निळ्याची टक्कर सापडली की उपाय ठरलेला: लूपचा एक तुकडा उरलेल्या रुळांपासून पूर्ण तोडायचा आणि त्याला वीज वेगळ्या वाटेने द्यायची, जिची टोकं उलटवता येतील. तोडायचा म्हणजे चार गॅप, वीज न ओलांडणाऱ्या चार फटी. तुकड्याच्या दोन टोकांना, प्रत्येकी दोन्ही रुळांत. इथे नेहमीची गफलत होते. पॉइंटचा फ्रॉग (आतले दोन रूळ जिथे एकत्र मिळतात तो भाग) धातूचा असेल, म्हणजे रूळ बनवणाऱ्या पेको कंपनीच्या भाषेत इलेक्ट्रोफ्रॉग, तर फ्रॉगमागच्या आतल्या दोन रुळांना प्लास्टिकचे जॉइनर तसेही लावावेच लागतात. ते दोन पाहून माणूस समजतो की लूप तुटला. बाहेरचे दोन रूळ मात्र मुख्य मार्गाला तसेच जोडलेले राहतात. फ्रॉगचे जॉइनर हिशेबात धरू नका. पॉइंटपासून थोडं पुढे, सरळ भागात, लूपचे चार गॅप स्वतंत्र पाडा.

आता मल्टिमीटर. कंट्रोलर सोडवा, सगळी इंजिनं आणि दिव्यांचे डबे रुळावरून उचला, कारण मोटर आणि बल्बमधून मीटर खोटं बोलतो. ऑटो-रिव्हर्सर (लूपची टोकं आपोआप उलटवणारी पेटी, पुढे येईलच) असेल तर त्याच्याही तारा काढा. मग एक पिन लूपच्या रुळावर, दुसरी मुख्य मार्गाच्या रुळावर. चारही जोड्या तपासा. एकही बीप आली तर कुठेतरी दुवा शिल्लक आहे. गॅप नीट असूनही बीप येत असेल तर फळीखाली जा आणि फीडर, म्हणजे रुळाला वीज देणाऱ्या तारा, मोजा. 'लूपमध्ये गाडी जरा मंद होते' म्हणून कोणीतरी मुख्य बस वायरवरून (सगळे फीडर जिला जोडतात ती तार) एक जादा फीडर लूपला दिलेला असतो, आणि त्या एका तारेने चारही गॅपवर पाणी पडतं. लूपजवळच्या सिग्नलचा दिवा किंवा बफरवरची एलईडी मुख्य बसवर आणि लूपच्या रुळावर अशी अर्धी-अर्धी जोडलेली असली तरी तोच प्रकार.

शॉर्ट शोधताना कंट्रोलर पुन्हा पुन्हा ट्रिप करून त्याचे हाल करायची गरज नाही. स्कूटरच्या दुकानात मिळणारा 12 व्होल्ट 21 वॅटचा इंडिकेटर बल्ब लूपच्या फीडरमध्ये सिरीजमध्ये घाला. इंजिन चालताना तो मिणमिणतो, शॉर्ट झाला की भक्कन पेटतो, आणि करंट साधारण पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. इंजिन हाताने हळूहळू ढकला; ज्या चाकाशी बल्ब पेटला तीच जागा. फक्त ऑटो-रिव्हर्सर लावण्याआधी बल्ब काढा, नाहीतर रिव्हर्सरला शॉर्ट झाल्याचं कळणारच नाही.

तुकडा किती लांब?

चारही गॅप बरोबर, तारा बरोबर, आणि तरीही कधीतरी ट्रिप होतो. हे 'कधीतरी' सगळ्यात छळतं. याचं उत्तर जवळजवळ नेहमी लांबीत असतं.

नियम असा, की तोडलेला तुकडा त्यावरून जाणाऱ्या सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा हवा. कारण गाडीचं पुढचं टोक बाहेरच्या गॅपवर आणि मागचं टोक आत येतानाच्या गॅपवर एकाच वेळी आलं, तर लूपची टोकं कशीही उलटवा, एका बाजूला जुळली की दुसऱ्या बाजूला भांडणार. आकडे घालून बघू. 438 मिलिमीटर त्रिज्येचं, म्हणजे सेटट्रॅकमध्ये (ठरावीक वळणांचे तयार रूळ) दुसरी त्रिज्या म्हणतात त्याचं, पूर्ण वर्तुळ 2752 मिलिमीटर भरतं. पॉइंट आणि तोंडाचा भाग वजा करून तोडलेला तुकडा सव्वादोन मीटरच्या आसपास उरतो. आपला डब्ल्यूडीएम-2 (डिझेल इंजिन) बफरपासून बफरपर्यंत 17.12 मीटर, एचओमध्ये 197 मिलिमीटर. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा 22.3 मीटर, म्हणजे 256 मिलिमीटर. सहा डब्यांची गाडी पावणेदोन मीटरच्या आत बसते, लूप खूश. तीच गाडी दिवाळीच्या सुट्टीत नऊ डब्यांची केली की अडीच मीटर होते, आणि तुकड्याची दोन्ही टोकं एकदम चाकाखाली येतात.

मग नऊ डब्यांची गाडी दर फेरीला ट्रिप का होत नाही? डबे प्लास्टिक चाकांचे असतील तर कधीच होणार नाही, कारण वीज ओलांडणारं फक्त इंजिन. धातूची चाकं असतील, पण दिवे नसतील, तर एखादं चाक गॅपच्या दोन्ही कडांना क्षणभर टेकतं तेवढंच. दोन्ही टोकांना नेमकं एकाच क्षणी तसं झालं तरच ट्रिप. म्हणून तो हवा तेव्हा दाखवता येत नाही आणि नको तेव्हा होतो. आणि डब्यांत दिवे असून दोन्ही बोगींमधून (डब्याखालच्या चाकगाड्यांमधून) वीज घेतली जात असेल, तर अख्खा डबा गॅप ओलांडेपर्यंत पुलासारखा उभा राहतो. तिथे जवळजवळ हमखास होतो. दिव्यांचे डबे लावल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर नवे डबे सदोष आहेत असं समजू नका, फक्त टेप घेऊन गाडी मोजा. तुकडा वाढवता येत नसेल तर दिव्यांचे डबे गाडीच्या मधोमध आणि प्लास्टिक चाकांचे दोन्ही टोकांना, अशी रचना चालून जाते.

एन गेजमध्ये हा जाच कमी. 282 मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ 1772 मिलिमीटर, आणि तीच सहा डब्यांची गाडी जेमतेम 95 सेंटिमीटर. छोट्या खोलीत लूपच हवा असेल तर मी डोळे झाकून एन सुचवतो.

उन्हाळ्यातच होणारा शॉर्ट

मार्च ते मेमध्ये ट्रिप आणि पावसाळ्यात सगळं ठीक, असं असेल तर गॅपकडे भिंग घेऊन बघा. निकेल सिल्व्हरचा 3 मीटर सलग रूळ 20 अंशांनी तापला तर जवळजवळ 1 मिलिमीटर वाढतो. कोरड्या हवेत प्लाय आणि खालच्या लाकडी पट्ट्या थोड्या आक्रसतात. दोन्ही गोष्टी गॅप मिटवायच्याच बाजूने. नुसत्या ब्लेडने पाडलेल्या गॅपमध्ये रुळाची दोन टोकं दुपारी एकमेकांना शिवतात आणि रात्री पुन्हा सुटतात, त्यामुळे संध्याकाळी तपासायला बसलात की काहीच सापडत नाही. जुन्या क्रेडिट कार्डाचा किंवा पातळ प्लास्टिक शीटचा तुकडा गॅपमध्ये घाला, अराल्डाइटने बसवा, सुकल्यावर ब्लेडने रुळाच्या आकारात तासा. आतली कड विशेष गुळगुळीत करा, नाहीतर चाकाची कड अडकते. आणि बाकीच्या सलग रुळात फुगायला दोन-चार जागी मोकळे जोड ठेवा. तिथे वीज जाण्यासाठी तारेचा छोटा दुवा द्यायचा.

टोकं उलटवणार कोण?

साध्या डीसीवर, म्हणजे डीसीसी नसलेल्या नेहमीच्या कंट्रोलरवर, दोन मार्ग. पहिला, डीपीडीटी स्विच, म्हणजे दोन्ही तारांची एकदम अदलाबदल करणारा. गाडी पूर्ण लूपमध्ये असताना मुख्य मार्गाची टोकं उलटवायची, लूपची नाही. डीसीमध्ये इंजिनाला फक्त कुठला रूळ धन आहे तेवढंच कळतं, त्याचं नाक कुठे आहे याच्याशी वीजेला देणंघेणं नाही. लूपची टोकं उलटवलीत तर इंजिन आल्या पावली मागे फिरेल.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: लूपचा तुकडा ब्रिज रेक्टिफायरमधून, म्हणजे धन-ऋण कायम एकाच बाजूला ठेवणाऱ्या चार डायोडांतून, पुरवायचा. मग मुख्य मार्गाची टोकं काहीही असोत, लूपमध्ये ती कायम एकच राहतात, आणि गाडी लूपमध्ये एकाच दिशेने फिरते. ती आत असताना पॉइंट आणि मुख्य दिशा बदलायची, बस. चार 1एन5401 डायोड पुरतात, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या बोळात किरकोळ पैशांत मिळतात. यात दोन डायोडचे मिळून साधारण 1.4 व्होल्ट जातात, त्यामुळे लूपमध्ये गाडी थोडी मंद होते. ती होऊ द्या, वळणावर मंद झालेली छानच दिसते. वर सांगितलेला जादा फीडर लोक देतात तो नेमका इथे.

डीसीसीवर ऑटो-रिव्हर्सर हवा. लेन्झचा एलके200, डिजिट्रॅक्सचा एआर1 किंवा अशाच जातीचा. तो शॉर्ट झालेला ओळखतो आणि कंट्रोलरला कळायच्या आत लूपची टोकं फिरवतो. 'कंट्रोलरला कळायच्या आत' यावर सगळं अवलंबून आहे. रिव्हर्सरची ट्रिप पातळी जास्त ठेवली आणि कमांड स्टेशन (डीसीसीचा कंट्रोलर) छोट्या स्टार्टर सेटचं असलं, तर स्टेशन आधी मान टाकतं आणि रिव्हर्सर बिचारा कोरा राहतो. पातळी खाली आणा. फार खाली आणली तर उलटा त्रास: सुरू करताना साउंड डिकोडरवाली (आवाज काढणारी) इंजिनं एकदम करंट ओढतात, रिव्हर्सरला तो शॉर्ट वाटतो आणि तो टकटक करत बसतो. मधला आकडा प्रत्येकाच्या फळीवर वेगळा निघतो. रिव्हर्सर सतत टकटक करत असेल आणि लूपमध्ये गाडीच नसेल, तर एकदा पॉइंट बघा. उलट लावलेल्या पॉइंटच्या धातूच्या फ्रॉगवर चाक चढलं की तो शॉर्ट कितीही टोकं फिरवली तरी जात नाही. आणि दोन उलटणारे तुकडे एकमेकांना थेट चिकटलेले कधीच नकोत. मधे एक स्थिर तुकडा हवाच, नाहीतर दोन रिव्हर्सर एकमेकांना फिरवत बसतात.

तोंडाशी घसरणारे डबे

विजेचं सगळं सुटलं तरी पॉइंटच्या पुढे डबे घसरतात, अशीही तक्रार असते. साध्या डाव्या किंवा उजव्या पॉइंटने लूप सुरू केला तर वाट एकदा एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला वळते. त्या इंग्रजी एस आकारात लांब डब्यांचे बफर एकमेकांना ढकलतात. दोन वळणांमध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ हवा. जागा नसेल तर दोन्हीकडे सारखा फुटणारा वाय पॉइंट लावा. तरी लक्षात घ्या, डब्याच्या लांबीच्या अडीच-तीन पट त्रिज्या असावी हा छंदातला जुना अंदाज. 256 मिलिमीटरच्या डब्याला म्हणजे 640 ते 768. आणि आपण त्याला 438 वर फिरवतोय.

मुळात लूप हवा का?

आठ बाय चारची प्लाय म्हणजे 1220 बाय 2440 मिलिमीटर. 438 त्रिज्येच्या लूपला डब्यांची बगल धरून जवळपास 1 मीटर रुंदी लागते. म्हणजे फळीचं एक अख्खं टोक एका फुग्याला. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलेला माणूस घरी येऊन पहिला लूप काढतो, हे समजण्यासारखं आहे. पण छोट्या फळीवर माझं मत लूपच्या विरोधात आहे. अख्खी गाडी फिरवू नका. इंजिन तेवढं फिरवा, आणि तेही गरज असेल तर.

गरज कोणाला? डब्ल्यूएपी-4, डब्ल्यूएपी-7 या विजेच्या इंजिनांना दोन्हीकडे केबिन. स्टेशनात इंजिन सोडवून बाजूच्या रुळाने दुसऱ्या टोकाला नेलं की झालं, खऱ्या रेल्वेतही तेच करतात. डब्ल्यूडीएम-2 आणि 3ए एका केबिनचे असले तरी लांब नाक पुढे करून धावताना सर्रास दिसायचे. मग उरतो तो टेंडर जोडलेला वाफेचा डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी, आणि ज्यांना तोंड पुढेच हवं अशा लोकांचा डब्ल्यूडीपी-4. दोन-तीन इंजिनांसाठी अर्धी फळी देणं मला पटत नाही.

त्रिकोण हा पहिला पर्याय: एका पायाने वर शेपटीत जायचं आणि दुसऱ्या पायाने मागे येत तोंड फिरवायचं. तीन पॉइंट, आणि वर एक शेपटी. 438 त्रिज्येने दोन्ही पाय वाकवले तर पाया साधारण 88 सेंटिमीटर, आणि उंचीला 438 अधिक 168 मिलिमीटरचा सेटट्रॅक पॉइंट अधिक इंजिनापुरती शेपटी, म्हणजे पुन्हा 90 सेंटिमीटरच्या घरात. आकड्यात लूपपेक्षा फार वाचत नाही, पण पाया मुख्य मार्गाचाच असतो, शेपटी कडेने वळवता येते आणि पोटात घरं-झाडं बसतात. वायरिंगमध्ये फक्त एक गोष्ट चुकते: लोक नुसती शेपटी तोडतात. त्याने भागत नाही, कारण दोन पायांतल्या लाल-निळ्याची टक्कर वरच्या पॉइंटवरच होते. तो पॉइंट आणि शेपटी मिळून एक तुकडा करा, चार गॅप दोन पायांमध्ये, पॉइंटच्या खाली. आणि इंजिन पूर्ण त्या तुकड्यात मावलं पाहिजे.

टर्नटेबल, म्हणजे इंजिनाला घेऊन खड्ड्यात गोल फिरणारा पूल, ही सर्वांत कमी जागेची सोय. एचओमध्ये मोठ्या वाफेच्या इंजिनालाही साधारण 30 सेंटिमीटरचा पूल पुरतो. विकत घ्यायच्या आधी इंजिनाच्या पहिल्या चाकापासून टेंडरच्या शेवटच्या चाकापर्यंत मोजा. बफर पुलाबाहेर आले तर चालतात, चाकं नाही. पूल अर्धा फिरला की त्याची टोकं उलट होतात, तेव्हा इथेही शॉर्ट आहेच, पण तो सोडवायला सोपा: खड्ड्यातल्या, पुलाला वीज देणाऱ्या गोल पट्टीचे दोन तुकडे करून पूल ज्या कोनात कधीच थांबत नाही तिथे फट ठेवली, की पूल स्वतःच टोकं बदलतो. टर्नटेबल मधेच मेला तर आधी त्याच्या घासणाऱ्या पट्ट्या पुसा. शॉर्ट झाला तर ती फट बघा. बहुधा एखादा नवा रूळ नंतर जोडलेला असतो आणि पूल आता नेमका फटीवर थांबत असतो.